बोटभर सरकलेली टाच

सुमोच्या रिंगणात दोन अगडबंब माणसांच्या मधोमध रेशमी झगा घालून, हातात लाकडी पंखा धरून जो बारका माणूस तुरुतुरु पळताना दिसतो, तो मी. मी पंच आहे. लोक पैलवानांची अंगं बघतात, मी पाय बघतो. चोवीस वर्षं हेच केलंय. बायको म्हणते, रस्त्यात ओळखीचं कुणी भेटलं तरी तुमची नजर आधी त्याच्या चपलांवर जाते. खोटं नाही ते.

कुस्ती चालू असताना पंचाने ओरडायचे शब्द दोनच. पैलवान हलत असले की ‘नोकोत्ता’, म्हणजे अजून आहात, अजून कडेच्या आत आहात. आणि दोघे एकमेकांना भिडून जागच्या जागी थांबले की ‘हाक्केयोई’, म्हणजे जोर लावा. नवखे प्रेक्षक दोघे थांबले की चहा प्यायला उठतात, आणि मला त्यांचा मनस्वी राग येतो. त्यांना वाटतं पैलवान विसावा घेतायत. अरे, विसावा कसला? हा जेवढा ढकलतोय तेवढाच तो ढकलतोय, म्हणून कुणी हलत नाही, एवढंच. त्या थांबण्यात जेवढा जोर खर्च होतो तेवढा अख्ख्या धावपळीत होत नाही. आणि एकाचा जोर चिमूटभर कमी पडला की तीनशे किलोंचा तो ढीग हलायला लागतो, आणि एकदा हलायला लागला की आवरत नाही.

मी सांगतोय ती गोष्ट शरद ऋतूतल्या स्पर्धेच्या पंधराव्या, म्हणजे शेवटच्या दिवसाची. मुराशिओ सात कुस्त्या जिंकला होता आणि सात हरला होता. वरून दुसऱ्या वर्गात त्याची जागा अगदी तळाची. आठवी जिंकला तर राहिला, हरला तर खाली घसरला. खालच्या वर्गात गेलं की रेशमी पट्टा जातो, स्वतःची खोली जाते, आणि कालपर्यंत ज्यांनी आपली पाठ चोळली त्यांच्यासोबत मोठ्या खोलीत पथारी टाकावी लागते. पण मुराशिओला तेवढंही नशिबात नव्हतं. तो चाळीस वर्षांचा होता, उजव्या गुडघ्यात दोनदा चिरफाड झालेली. वस्तादांनी त्याला स्वच्छ सांगितलं होतं, की या वेळी खाली गेलास तर केस कापायचे. आमच्यात शेंडी कापली की पैलवान संपला.

मुराशिओ आणि मी एकाच तालमीतले. एकाच वर्षी आलो, तो आओमोरीच्या किनाऱ्यावरून, मी निइगाताच्या डोंगरातून. तो वाढत गेला, मी तेवढाच राहिलो, म्हणून तो पैलवान झाला आणि मी पंच. आपल्याच तालमीतल्या माणसाची कुस्ती पंचाने चालवायची नाही, असा काही नियम नाही. बाहेरच्या लोकांना याचं नवल वाटतं. आम्हाला वाटत नाही, कारण पंखा हातात घेतला की पंचाला तालीम नसते. असं निदान मी तोवर समजत होतो.

सकाळी तो स्वयंपाकघराच्या पायरीवर बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळत होता. समोरचा वाडगा तसाच. मी म्हटलं, काहीतरी पोटात घाल. तो म्हणाला, “तू आधी नीट जेव. वारा आला तर माझ्याआधी तूच कडेबाहेर जाशील.” एरवी मी उलट काहीतरी सुनावलं असतं. त्या दिवशी नुसता वाडगा त्याच्याकडे सरकवला.

त्याच्यासमोर होता आओतेत्सु. एकवीस वर्षांचा, चेहरा लहान मुलासारखा गुबगुबीत, आणि अंगाला हात लावला की भिंत. दोघे मुठी टेकवून उठले, छाती छातीवर आपटली, आणि दोघांचेही हात एकमेकांच्या पट्ट्यात गेले. मुराशिओने पहिल्या झटक्यात त्याला दोन पावलं मागे रेटलं. मग आओतेत्सुने पाय रोवले आणि याला तीन पावलं मागे आणलं. मी ‘नोकोत्ता, नोकोत्ता’ ओरडत त्यांच्याभोवती फिरत होतो. आणि मग दोघे थांबले.

मुराशिओची डावी टाच कडेपासून तीन बोटांवर होती. आमच्या रिंगणाची कड म्हणजे मातीत अर्ध्या पुरलेल्या पेंढ्याच्या घट्ट गुंडाळ्या, जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर आलेल्या. पाय त्यापलीकडे टेकला, किंवा तळपायाखेरीज अंगाचा कुठलाही भाग आधी जमिनीला लागला, की कुस्ती हरली.

“हाक्केयोई,” मी ओरडलो. कुणी हललं नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. लोक आधी टाळ्या वाजवत होते, मग गप्प झाले. दोघांच्या पाठी लालभडक झाल्या होत्या आणि घाम पट्ट्यावरून ठिबकत होता. मुराशिओची उजवी मांडी थरथरायला लागलेली मला दिसली, पट्टीच्या वर, चार बोटं जागेत. बाहेरून कुणाला दिसलं नसतं. माझं तोंड ‘हाक्केयोई’ म्हणत होतं आणि नजर त्या मांडीवरून हलत नव्हती.

मग त्याची डावी टाच एक बोट मागे सरकली. वाळूवर खरचटल्यासारखा बारीक आवाज झाला.

“नोकोत्ता,” मी म्हणालो. शब्द आपसूक निघाला. चोवीस वर्षांची सवय. पाय हलला की तोंड तेच म्हणतं. समोरच्या रांगेतल्या एका बाईने माझ्याकडे चमकून पाहिलं, कारण तिच्या मते काहीच हललं नव्हतं.

पुन्हा सगळं थिजलं. पुन्हा ‘हाक्केयोई’. आणि चौथं मिनिट सरत आलं तेव्हा टाच पुन्हा सरकली, या वेळी दोन बोटं, आणि पेंढ्याला जाऊन टेकली. “नोकोत्ता.” त्याच वेळी रिंगणाभोवती खाली बसलेल्या पाच निरीक्षकांपैकी वेळ मोजणाऱ्याने हात वर केला. मी दोघांच्या पाठीवर हात ठेवून कुस्ती थांबवली.

चार मिनिटांत निकाल लागला नाही तर पाण्याची सुट्टी द्यायची, ही आमची रीत. दोघे रिंगणाच्या मातीच्या ओट्यावरून खाली उतरतात, घोटभर पाणी पितात, आणि परत येऊन होते तस्से उभे राहतात. तोच हात तिथेच, तोच पाय तिथेच. कुठला पाय कुठे होता हे पंचाने डोळ्यांत साठवायचं आणि सुट्टीनंतर दोघांना मूर्ती बसवाव्यात तसं जागेवर बसवायचं. काही पंच थांबवताना पायाच्या अंगठ्याने वाळूत बारीक रेघ ओढून ठेवतात. मीही ओढतो. त्या दिवशी मी ओढली नाही. गडबडीत राहून गेली, असं मी स्वतःला सांगितलं.

मुराशिओ खाली पाण्याची लाकडी पळी तोंडाला लावून उभा होता. त्याच्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. आओतेत्सुचा श्वास पळी तोंडाला लागायच्या आतच जागेवर आला होता. हे पाहिलं आणि माझ्या डोक्यात जे चाललं होतं ते पक्कं झालं. पाय होते तिथे परत ठेवता येतात, पण श्वास कुठून आणायचा? आता दोघांचा जोर सारखा राहणार नव्हता. आणि मला तर रीतीप्रमाणे त्याला कडेला चिकटवून उभं करावं लागणार होतं, एक हिसका आणि बाहेर. मला राग आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही. बहुतेक त्या पोराच्या श्वासाचा.

दोघे वर आले. मी आओतेत्सुचे पाय जागेवर लावले, मुराशिओचा उजवा पाय लावला, दोघांचे हात पट्ट्यात दिले. मग वाकून मुराशिओचा डावा घोटा धरला आणि टाच कडेपासून दोन बोटं पुढे ठेवली.

त्या दोन बोटांना दुसरा कुणी साक्षीदार नव्हता. मागच्या निरीक्षकाला फक्त मुराशिओची जाड पोटरी दिसत होती. आओतेत्सुचं डोकं याच्या खांद्यावर होतं, त्याला काहीच दिसत नव्हतं. मी निरीक्षकांकडे पाहिलं. त्यांनी माना हलवल्या. मी दोघांना रीतीप्रमाणे विचारलं, “ठीक?” आओतेत्सु हुंकारला.

 मुराशिओ अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणाला, “हारू, पाय चुकला.”

मी ऐकलं नाही असं दाखवलं.

“दोनदा ‘नोकोत्ता’ म्हणालास,” तो म्हणाला. “दोनदा सरकलोय मी.”

 पोटाखालचे पाय त्याला दिसत नाहीत. चार मिनिटांनी पायांना तर काही कळतही नसतं, सगळं बधिर. त्याला माझ्या तोंडून कळलं होतं. त्याने माझी वाट पाहिली नाही. टाच स्वतःच मागे ओढली, पेंढ्याला टेकवली, आणि थांबला. निरीक्षकांपैकी एकाने भुवया उंचावल्या. मी वाकलो, त्याचा घोटा धरून जागा नक्की केल्यासारखं केलं, आणि माझे कान तापले.

मग मी दोघांच्या पाठीवर थाप मारून कुस्ती सोडली.

आओतेत्सुने क्षणाचीही उसंत घेतली नाही. सगळं अंग घेऊन तो मुराशिओवर गेला. मुराशिओचा गुडघा वाकला, पाठ कडेबाहेर झुकली, आणि मला वाटलं संपलं. पण डावी टाच पेंढ्यात रुतली होती. ती हलली नाही. त्या एका टाचेवर त्याने पोट पुढे काढलं, पोराला पोटावर घेतलं, आणि मागे पडता पडता कमरेतून वळला. दीडशे किलोंचा आओतेत्सु जमिनीवरून उचलला गेला. मी ‘नोकोत्ता’ ओरडत होतो की नुसताच ओरडत होतो, आठवत नाही. दोघे हवेत वळले आणि एकत्रच कडेबाहेरच्या वाळूवर कोसळले. लोक उभे राहिले.

पंचाला विचार करायला वेळ नसतो. अंग पडलं की पंखा जिंकणाऱ्याच्या बाजूला गेलाच पाहिजे. लोकांनी पाहिलं असेल की मुराशिओने पोराला उचलून फेकलं. मी पाहिलं ते असं, की आओतेत्सुचा खांदा जमिनीला लागायच्या पापणीभर आधी मुराशिओचं डावं कोपर वाळूला लागलं. कोपराने वाळूत चंद्रकोरीएवढा खळगा पाडला आणि मग त्यावर दोघे कोसळले.

पंखा मुराशिओच्या बाजूने फिरवला असता तर निरीक्षकांनी फार तर हरकतीचा हात वर करून चर्चा केली असती. कदाचित कुस्ती पुन्हा लावली असती. कदाचित कुणी हातही वर केला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण घोटा धरलेला माझा हात अजून तापलेला होता, आणि त्याचा तो दबका आवाज कानात होता. माझा पंखा आओतेत्सुकडे गेला.

एकाही निरीक्षकाने हात वर केला नाही. मुराशिओ रिंगणाच्या कडेशी उभा राहिला, वाकला, आणि वाळू न झटकताच बोळकंडीतून निघून गेला.

मला अजून एक कुस्ती चालवायची होती. ती कुणाकुणाची होती ते मला आजही सांगता येणार नाही. सुटलो तसा झगा सावरत कपडे बदलायच्या खोलीत गेलो. मुराशिओ मांडी घालून बसला होता आणि तालमीचा म्हातारा केशकार त्याची मोठी पिंपळपानी शेंडी सोडत होता. वरच्या दोन वर्गांतच ती बांधतात. म्हाताऱ्याने मला बघून मान खाली घातली.

“कोपर?” मुराशिओने विचारलं.

“कोपर,” मी म्हणालो.

“मलाही वाटलंच होतं तसं.”

मी खाली बसलो. बोलायचं होतं ते बरंच होतं, पण मी फक्त पायाबद्दल माफी मागितली. म्हणालो, तुला दोन बोटं जास्त मिळावीत एवढंच मनात होतं. तू तिथेच राहिला असतास तर कदाचित आज हे केस असे सोडावे लागले नसते.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. एखाद्याला आपला धंदा मुळातच कळलेला नाही हे लक्षात आल्यावर माणूस बघतो, तसं.

“चोवीस वर्षं पाय बघतोयस ना रे?” तो म्हणाला. “तू ठेवलंस तिथे टाचेमागे नुसती वाळू होती. पोराने पहिला रेटा दिला की मी सरकलो असतो. आणि सरकत्या माणसाला कड अडवत नाही, उलथवून बाहेर टाकते. उभा होतो तिथे कड टाचेला आधीच टेकलेली होती. मी तिला ढकललं, तिने मला ढकललं. म्हणून उचलता आलं त्याला. गुडघा असा असताना दुसऱ्या कशावर उचलणार होतो?”

केशकाराचे हात थांबले.  मी म्हटलं, “म्हणजे मी तुला पाडलंच असतं.”

“पाडलंच असतंस,” मुराशिओ म्हणाला. “आणि का पडलो, हे मला कुणाला सांगताही आलं नसतं.”

मग त्याने म्हाताऱ्याला हात चालू ठेव म्हणून खूण केली, आणि सुटलेले केस दोन्ही हातांनी मागे सारले. मी रेशमी झग्यात, लोकांच्या देखत, ढसाढसा रडलो.