दादा म्हणायची ती

चंदीगडच्या मनीमाजऱ्यात बाबांच्या डेऱ्याबाहेर गल्लीत चपलांचा ढीग पडला होता आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. सगळ्यांच्या नजरा जाईवर.

"निशांत!" बाबा गादीवरून गरजले.

पडद्यामागची पितळी थाळी खणाणली. आपोआप, म्हणे. जाई बसल्या जागी उडाली. पुन्हा नाव, पुन्हा थाळी, पुन्हा जाई. गेले कित्येक गुरुवार हेच चाललं होतं. आज मात्र दोन-तीनदा वाजून थाळी गप्प झाली, तरी नुसत्या नावानं पोर उडत होती.

"देखा? भाई अपना नाम सुन रहा है," बाबा म्हणाले. "बहन के अंदर बैठा है. अमावस तक डेरे में छोड़ दो. डॉक्टर के पास मत ले जाना."

गर्दीनं हात जोडले. जाईच्या आईनं, सुमननं, लेकीची बॅग भरूनच आणली होती.

भिंतीशी उभ्या चित्राआत्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पंचकुल्याच्या शाळेत मानसशास्त्र शिकवायची. पोरीला डॉक्टरकडे ने, असं भावाला सांगून तिची जीभ झिजली होती. पण जाईचा बाप जयंत पडला केंद्र सरकारचा अधिकारी, त्याच्याकडे मुद्दा होता.

"इंडस्ट्रियल एरियात कॉम्प्रेसरची टाकी फुटली तेव्हा जाईसारखा मीही तिथंच होतो. निशांत माझ्याही डोळ्यांदेखत गेला. मला काही झालं नाही. हिलाच का?"

"फुगा फुटला तरी पलंगाखाली लपायची ती, विसरलास? काहींच्या मेंदूतली धोक्याची घंटा मुळातच लवकर वाजते. त्यात असा स्फोट झाला की थांबतच नाही. तुझी थांबली, तिची नाही. ह्यात भूत कुठं आलं?"

जयंतला ते पटलं नव्हतं. आत्म्यानं दोघांतून एकीला निवडलं, हे बाबांचं मात्र लगेच पटलं.

आता चित्रा पुढे झाली. "बाबाजी, भाई अंदर है, तो बहन की पुकार पहचानेगा ना?"

"ज़रूर."

निशांत हे आधार कार्डावरचं नाव. जाईनं भावाला त्या नावानं कधी हाक मारली नव्हती. चित्रा तिच्यासमोर बसली आणि हळूच म्हणाली, "दादा."

जाई उडाली नाही. तिनं दाराकडे पाहिलं, तो आलाय की काय असं. मग रडायला लागली. तो गेल्यापासून ती रडलीच नव्हती.

"बघ जयंत. 'निशांत'बरोबर थाळी वाजवून वाजवून तिला त्या नावाचीच भीती बसवलीय. ह्या हाकेवर थाळी वाजलेली नाही, म्हणून ही उडत नाही."

पण बाबा काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "दादा!" ते ओरडले, आणि थाळी खणाणली. जाई थरथरली. "दादा!" पुन्हा थाळी. चित्रानं धावत जाऊन पडदा ओढला. मागे चेला, हातात लाकडी हातोडी, वर उचललेली.

"दादा!" बाबांच्या तोंडून निघून गेलं. हातोडी हवेतच राहिली. सगळ्यांनी पाहिलं, थाळी वाजली नाही. जाई मात्र उडाली.

"दोनदा वाजवली," चित्रा गर्दीकडे वळून म्हणाली. "दोनदाच. तेवढ्यात हाही शब्द नासवला मेल्यानं. घाबरलेली पोर असली की भूत घालायला एक थाळी पुरते."

पुढच्या रांगेतल्या एका बाईनं जोडलेले हात खाली घेतले. बाकीचे हलले नाहीत. त्यांचा नंबर यायचा होता.

जयंतनं बॅग उचलली.

आता डॉक्टरांचे उपचार चालू आहेत. वेळ लागेल, असं त्या म्हणतात. हाकेची भीती सुटावी म्हणून त्यांनी सांगितल्याप्रमाणे सुमन चहाच्या वेळी लेकीचा हात धरून "दादा" म्हणते, अगदी हळू. जाई अजून दचकते. जयंत तेव्हा आत भांडी लावत असतो, एकही वाजणार नाही अशी.

तर मंडळी, घरात कुणी असं दचकत असेल, तर अंगात कोण आलंय ते विचारत बसू नका. त्याच्यावर काय गुदरलंय ते विचारा आणि डॉक्टर गाठा. आणि आपल्याला काही झालं नाही, म्हणून दुसऱ्याला झालेलं भूत ठरत नाही.