आरिकोकचा वरवंटा

आधीच सांगून ठेवते, मी चोर नाही. दगड उचलला हे खरं आहे. पण तो दगड तुम्ही बघितला असतात ना, तर तुम्हीही उचलला असतात.

मी मनोरमा. साताऱ्याच्या शाळेत एकतीस वर्षं बाई होते. मुलगा हृषिकेश जर्मनीत, नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तीन महिन्यांसाठी मी त्याच्याकडे आले. आमचे हे गुडघ्यांचं निमित्त सांगून साताऱ्यालाच राहिले. सून सुकन्या गुणाची आहे, पण तिच्या त्या लखलखीत स्वयंपाकघरात सगळं आहे आणि वरवंटा नाही. मिक्सरमधून काढलेल्याला ठेचा म्हणतात होय? मी आपली तव्यावर भाजलेल्या मिरच्या तांब्याच्या बुडाने रगडत होते आणि चरफडत होते.

नात ईश्वरी आठ वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. तरी आमचं गूळपीठ जमलं होतं. रोज सकाळी शाळेआधी तिची वेणी मी घालायची आणि दर गुरुवारी दोघींनी वाचनालयात जायचं. तिला घोड्यांचं एक पुस्तक हवं होतं आणि तिथल्या कॉम्प्युटरवर दर वेळी एकच शब्द यायचा, 'आउसगेलीहेन'. म्हणजे कुणीतरी वाचायला नेलंय, परत आणून देणार आहे. चार गुरुवार हेच. पुढे पुढे मी दारातूनच विचारायचे, "आउसगेलीहेन?" आणि ती कपाळावर हात मारून म्हणायची, "गेनाऊ, आजी!" म्हणजे अगदी बरोबर.

मग ईस्टरच्या सुट्टीत हृषिकेशने अरूबाची टूम काढली. कॅरिबियन बेट म्हटल्यावर मला वाटलं, वाळूत बसायचं, शहाळं प्यायचं. कसलं काय! चिरंजीवांनी दुसऱ्याच दिवशी आरिकोक नावाच्या राष्ट्रीय उद्यानात नेलं. उद्यान म्हणे! फूल दिसेल तर शपथ. माणसाहून उंच निवडुंग, खडक, वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेली झाडं आणि मधूनच आपल्याकडे रोखून बघणारी बकरी. जीप अशी आदळत होती की मी कवळी काढून रुमालात बांधली.

"अरे, याच्यासाठी एवढा विमानप्रवास?" मी म्हणाले. "आपल्या माण तालुक्यात फुकट दाखवलं असतं!"

"आई, एन्जॉय कर ना जरा!"

फाटकावर एका रखवालदार बाईने नियम सांगितले होते. ईश्वरीने ते मला बोट वर करून, खाणाखुणांनी समजावले. इथून काहीही न्यायचं नाही. दगड नाही, शिंपला नाही, काही नाही. "फेरबोटन, आजी!" मी शहाण्यासारखी मान हलवली.

आणि मग किनाऱ्यावर तो दिसला. लाटा खडकांवर फुटत होत्या, तोंडावर खारं पाणी उडत होतं आणि हा माझ्या पायाशी पडलेला. काळाभोर, गुळगुळीत, खालून सपाट, मुठीत अस्सा बसणारा. समुद्राने किती वर्षं घासला असेल कोण जाणे, पण माझ्या हाताच्या मापानेच घासला होता. आजूबाजूला तसे हजार दगड. एकाने काय बिघडतंय? मी इकडेतिकडे बघितलं, ओढणीत गुंडाळला आणि पर्समध्ये टाकला. इकडेतिकडे बघितलं, तिथेच काय ते कळायला हवं होतं.

नेकारसुल्मला परतल्यावर दुसऱ्या दिवशी ठेचा केला. काय सांगू! घरभर ठसका. हृषिकेशने तीन भाकऱ्या हाणल्या. तेवढ्यात ईश्वरी पाणी प्यायला आली आणि ओट्यावर ओला दगड बघून थबकली.

तिने जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. सुकन्या कसनुसं हसली. "आई, तो तिकडचा आहे का, विचारतेय."

"हो. मग?"

ईश्वरीने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला शाळेतल्या मोठ्या बाई आठवल्या. आरडाओरडा नाही, रडणं नाही. पाणी न पिताच निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती केस मोकळे सोडून शाळेत गेली. तिसऱ्या दिवशी तसंच. गुरुवारी वाचनालयात सुकन्याबरोबर गेली. जेवायला माझ्याशेजारची खुर्ची सोडून पलीकडे बसायला लागली. माझं परतीचं विमान नऊ दिवसांवर आलं होतं आणि माझी नात माझ्याशी बोलत नव्हती.

"आई, चुकलं म्हण ना तिला," हृषिकेश म्हणाला.

"मी? त्या एवढ्याशा पोरीला? एका धोंड्यासाठी?" माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "आणि तीन भाकऱ्या खाताना नाही आठवलं तुला?"

पण घास उतरत नव्हता, खोटं कशाला बोलू?

साताऱ्याला फोन लावून ह्यांच्याकडे गाऱ्हाणं मांडलं, तर हे खो खो हसायला लागले.

"अहो, हसताय काय?"

"अगं, शाळेच्या बागेतली जास्वंद तोडली म्हणून त्या वासुदेवाला तू दोन तास ओणवं उभं केलं होतंस. तो म्हणत होता, बाई, एकच फूल तर तोडलं. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! तुझ्याकडे तर पाषाणही आहे."

मी फोन आपटला. वासुदेव आता स्वतः शाळेत शिक्षक आहे. त्याने मला काय केलं असतं? ओणवंच केलं असतं.

मग उठले. दगड साबणाने तीनदा घासला, तरी लसणाचा वास जाईना. ईश्वरीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"चुकलं माझं," मी म्हणाले. हे दोन शब्द मी शेवटचे कधी म्हटले होते, आठवत नाही. "चल, परत पाठवू."

तिने उठून बूट घातले.

इथलं पोस्ट म्हणजे वह्या-पेनांच्या दुकानातला एक कोपरा. मी चिठ्ठी लिहिली होती: 'तुमचा दगड परत करत आहे. माफ करा. दगड फार चांगला आहे.' खाली ईश्वरीने जर्मन भाषांतर केलं. परदेशी पार्सलाचा फॉर्मही तिनेच भरला. आत काय आहे, या रकान्यात तिने अगदी प्रामाणिकपणे लिहिलं, 'दगड, वापरलेला'.

काउंटरवरच्या माणसाने फॉर्म वाचला, चश्म्यावरून आमच्याकडे बघितलं, मग पार्सल उचलून बघितलं. त्याने ईश्वरीला काहीतरी विचारलं. मागे रांग उभी होती. मला सगळं नाही कळलं, पण 'श्टाइन' कळलं, 'ओमा' कळलं. दगड आणि आजी. आता ही पोरगी सगळ्यांसमोर सांगणार, माझी आजी चोर आहे. सांगू दे. खरंच आहे ते. मी पदर नसतानाही पदर सावरल्यासारखं केलं आणि ताठ उभी राहिले.

ईश्वरीने एकदा माझ्याकडे वर बघितलं. मग त्या माणसाकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, ओमाने तो दगड आउसगेलीहेन.

तो एवढा शब्द मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझे डोळे भरून आले. त्या माणसाने मान डोलवली आणि पार्सलावर शिक्का मारला.

बाहेर आल्यावर तिने खिशातून रबर काढून माझ्या हातात दिलं आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. तिथेच फुटपाथवर मी वेणी घातली. कंगवा नव्हता, त्यामुळे पेड वेडेवाकडे पडले.

तिने हात मागे नेऊन वेणी चाचपली.

"वाकडी झाली," चक्क मराठीत म्हणाली. "उद्या नीट घाल, आजी."