भावाच्या घराची किंमत

"टेप जरा ताणून धर," तो म्हणाला, आणि धाकट्या भावाने टेपचं टोक भिंतीला टेकवलं.

वीस वर्षं तो बँकेसाठी घरांची किंमत ठरवत आला होता. नात्यातल्या घराला हात लावायचा नाही, असा नियम होता. पण मंदीत ऑफिसातली सहापैकी पाच माणसं घरी बसली होती, आणि हे घर परक्याने मोजावं हे त्याच्या जिवाला पटेना. त्याने स्वतःच फाइल मागून घेतली.

तेजीच्या दिवसांत साहेब म्हणायचे, "अहो, किंमत कमी लावलीत तर गिऱ्हाईक शेजारच्या बँकेत जाईल. सगळेच वाढवतायत, तुम्हीच कशाला सोवळे राहता?" तेव्हा पगाराचा दाखलासुद्धा कुणी मागत नव्हतं. एक घर फुगलं की ते पाहून पुढच्या गल्लीतली फुगायची, आणि तेवढंच कर्जही. हे त्याला कळत होतं. पण सही करताना हात कधी अडला नाही. हे घर तेव्हा परक्याचं होतं, आणि त्याची किंमतही यानेच लावली होती. ते विकत घेताना गाड्यांच्या कारखान्यात रंगकाम करणारा धाकटा बायकोला म्हणाला होता, "दादाने सही केलीय ना? मग डोळे झाकून घेऊ."

पुढे लोकांचे हप्ते थकले, बँकांनी हात आखडले. कर्ज मिळेना तेव्हा गाड्या तरी कोण घेणार? कारखान्याला टाळं लागलं. आता घर लिलावात निघालं होतं.

"किती लिहिलंस?" ओट्याशी उभं राहून धाकट्याने विचारलं.

त्याने कागद पुढे केला.

"बारा? तेव्हा तर पंचवीस लाख होती."

"हं."

"घर तेच, भिंती त्याच. दरवर्षी मी स्वतः रंग दिलाय." धाकट्याचा आवाज चढला नाही. "मग खरी किंमत कुठली, दादा?"

"हीच."

"आणि हे तुला तेव्हा ठाऊक होतं?"

साहेबांवर ढकलता आलं असतं. सगळ्या जगावरही.

"होतं," तो म्हणाला.

धाकट्याने ओट्यावरून हात फिरवला. "आई म्हणायची, दादाला विचार आणि मग कर. घराचं जाऊ दे रे. आता विचारायचं कुणाला?"

"माझ्याकडे या राहायला. वरची खोली रिकामीच आहे."

"नको."

बाहेरच्या खोलीत सामान बांधून झालं होतं. धाकट्याची बायको गुडघ्यांवर बसून फरशी पुसत होती.

"आता कशाला गं?" त्याने विचारलं.

"उद्या घर बघायला लोक येतील. घाण ठेवून गेले म्हणायला नकोत." तिने मान वर केली नाही. "दादा, ओलं आहे. कडेकडेने जा."

त्याने चपला हातात घेतल्या आणि तो भिंतीच्या आधाराने, अनवाणी, कडेकडेने बाहेर पडला.