भात्याचा हात

श्रावणात सगळंच थोडं थोडं फुगतं. दारं चौकटीत बसत नाहीत, पापड मऊ पडतात, काड्या पेटायला नको म्हणतात. पण कमळाताईंची पेटी कधी फुगली नव्हती. माहेराहून आलेली, छत्तीस पावसाळे काढलेली सागवानी पेटी ती. यंदा मात्र नेमकी सप्ताहाच्या आठ दिवस आधी फुगली. काळी चार दाबली की शेजारची पांढरी न विचारता बोलायला लागे, आणि एकदा लागली की थांबायचं नाव नाही.

"आमच्या थोरल्या वन्संसारखं झालंय बघा हिचं," कमळाताई रत्नागिरीतल्या दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या.

त्याने पेटी उघडून आत बॅटरीचा उजेड मारला आणि डॉक्टर करतात तसं 'हं' केलं. "सूर गंजलेत ताई. नवे मिरजेहून मागवायला लागतील. गणपतीच्या आधी देतो."

"मला सोमवारी हवीय."

त्याने पेटीचं झाकण अगदी हळू लावलं.

सोमवारी सप्ताह बसायचा होता. सात दिवस देवळात अखंड भजन चालायचं, क्षणभरसुद्धा थांबायचं नाही, म्हणून तीन तीन तासांचे पहारे वाडीवाडीला वाटून दिलेले. कमळाताईंच्या खालच्या वाडीचा पहारा पहिल्याच दिवशी, दुपारी बारा ते तीन. आजवर तो पुरुषांचा होता. पण वाडीतले निम्मे पुरुष मुंबईला, आणि उरलेल्यांना दुपारी जेवल्यावर देव आडवा दिसतो. गेल्या वर्षी पहाऱ्याला सहा जण होते. त्यातले दोघे टाळ हातात धरून झोपले होते. म्हणून यंदा बायकांच्या भजनी मंडळाने पहारा मागितला, पेटीवर कमळाताई. देवस्थानचे सेक्रेटरी भिकाजी अण्णा दोन बैठका 'बघू' म्हणाले आणि तिसऱ्या बैठकीत दिला. वर बोट उचलून म्हणाले, "पण वैनी, खंड पडला तर पुढच्या वर्षी पहारा परत. देवाचं काम आहे. खेळ नाय."

पेटी बिघडल्याचं कळल्यावर हेच भिकाजी अण्णा संध्याकाळी पडवीत येऊन बसले.

"कशाला काळजी करता? माझी पेटी आहे ना."

"द्याल?" कमळाताईंनी विचारलं.

"पेटी? छे छे, तिला दुसऱ्याचा हात चालत नाय. मी वाजवतो की तुमच्यासाठी. तुम्ही गा निवांत."

बोलणं गोड होतं, चहाही ते दोनदा प्याले. पण ते गेल्यावर कमळाताईंनी त्यांचा कप दोनदा विसळला. भिकाजी पेटीवर बसला की झालं. 'बायकांचा पहारा अण्णांनी निभावून नेला' हे वाक्य त्यांना आत्तापासूनच ऐकू येत होतं, आणि ते दहा वर्षं तरी ऐकू येत राहील, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

"आई, दर्शनचा तो कीबोर्ड आहे ना माळ्यावर," आतून नम्रता म्हणाली.

नम्रता म्हणजे सून. मुलगा दर्शन बोटीवर नोकरीला, आणि ही इथे पडवीच्या कोपऱ्यात बसून पुण्यातल्या कुठल्याशा कंपनीचं काम लॅपटॉपवर करायची, कारण घरात रेंज फक्त त्याच कोपऱ्यात होती. कीबोर्ड दर्शनने दोन वर्षांपूर्वी सिंगापूरहून आणला होता. शिकणार होता. तेव्हापासून तो माळ्यावर फणसपोळीच्या डब्याशेजारी शिकत पडला होता.

खाली काढून पुसल्यावर दिसायला बरा होता. पांढऱ्या काळ्या पट्ट्या होत्या, ओळखीच्या. कमळाताईंनी काळी चार दाबली. काही नाही. जोरात दाबली. काही नाही.

"मुका आहे गो हा."

"तो नुसता कुठली पट्टी दाबली ते सांगतो. आवाज लॅपटॉप काढतो," म्हणत नम्रताने एक बारीक वायर इकडून तिकडे जोडली आणि स्क्रीनवर वाद्यांची यादी उघडली. यादी खाली खाली जातच राहिली.

मंडळातल्या यमुनाकाकी तेवढ्यात बातमी काढायला आल्या होत्या. वय बहात्तर, आवाज वीस जणींचा. त्यांनी चष्मा वर करून यादी बघितली. "इतकी वाद्यं? आणि ह्यांना वाजवणारी माणसं कुठं बसवलीत?"

पहिल्यांदा सनई लागली, तर यमुनाकाकींनी अक्षता टाकल्यासारखा हात केला. मग काहीतरी लागलं त्याने अंगणातलं कुत्रं उठून निघून गेलं. आणि मग, एकदम, पेटी लागली. खरी पेटी. खर्जात थोडी घोगरी, वर स्वच्छ. कमळाताईंनी हात काढून घेतला.

"ह्याला भाता कुठाय?"

"भाता नाही आई. हवा लागतच नाही. कुणीतरी खरी पेटी वाजवून एकेक सूर यात भरून ठेवलाय."

कमळाताईंनी विचार केला. "म्हणजे त्याने मारला भाता. कुणीतरी मारलाच की." आणि एवढ्यावर त्यांचं त्या यंत्राशी जमलं.

दुसऱ्या दिवशी सूर उशिरा यायला लागला. पट्टी दाबली की मध्ये एक श्वास जाई, मग आवाज. पंगत उठत आली की मीठ यावं तसा. यमुनाकाकी म्हणाल्या, मिरजेहून येत असेल. नम्रताने शोधून काढलं की दोष बिनवायरीच्या स्पीकरचा आहे. वायर लावून दुसरा जोडला, एकदोन आकडे खालीवर केले, आणि सूर बोटाबरोबर यायला लागला.

राहता राहिला डावा हात.

लॅपटॉप कीबोर्डच्या पलीकडे उघडा ठेवला होता. म्हणजे झाकण उभं, अगदी जिथे पेटीचा भाता असतो तिथे, तेवढंच उंच. उजव्या हाताने अभंग सुरू केला आणि चौथ्या ओळीला कमळाताईंच्या डाव्या हाताने, मालकिणीला न विचारता, पलीकडे जाऊन झाकण पुढे ओढलं, मागे ढकललं, पुढे ओढलं. झाकण मिटलं. लॅपटॉप झोपला. सूर गेला.

"आई!"

"मी नाय. हात."

पुन्हा सुरू. पुन्हा चौथी ओळ. पुन्हा झोपला. नम्रताने लॅपटॉप बाजूला पाटावर ठेवला, तर हाताला भाता सापडेना, आणि हाताला भाता सापडेना म्हणून उजव्या हाताचा ठेका सुटायला लागला. छत्तीस वर्षं दोघं बरोबर चालले होते. एकाला बसवून दुसरा जाईना. डाव्या हातात लाटणं दिलं. लाटणं फिरायला लागलं. हात पदराने कमरेला बांधला, तर खांदा हलायला लागला. शेवटी हातपंखा दिला. पंखा पुढे मागे, पुढे मागे; ठेकाही जमला, वर यमुनाकाकींना वाराही लागला. पण झाकण समोरच हवं, कमळाताई म्हणाल्या. समोर काही उभं नसलं की आपण भिंतीसाठी गातोय असं वाटतं.

"आई, हा ऑफिसचा लॅपटॉप आहे," नम्रता हळूच म्हणाली. "यात पेटी घालायची परवानगी मला कुणी दिलेली नाही."

"मग नको."

"असं मी कुठे म्हटलं?"

सोमवारी नम्रताने घरगुती कार्य म्हणून अर्धी रजा टाकली. पावणेबाराला सगळ्या जणी देवळात हजर. लॅपटॉपची वायर देवळाच्या लाऊडस्पीकरला जोडली. सभामंडपाच्या खांबाला टेकून भिकाजी अण्णा बसले होते आणि त्यांच्यापुढे त्यांची पेटी, मखमली कापड घालून. पेटीने नुसतं बसायला यायचं कारण नव्हतं.

"असू दे आपली," ते म्हणाले. "वेळ सांगून येत नाय."

बाराला वरच्या वाडीच्या पुरुषांचं चालू असतानाच बायकांनी आवाज मिसळला. पहारा असाच बदलतात. एकाचा सूर सुटायच्या आत दुसऱ्याने तो धरायचा. वरची वाडी टाळ ठेवून जेवायला गेली, आणि उरल्या अकरा बायका, समईभोवती फेर धरून, मध्ये यमुनाकाकी. कमळाताईंच्या उजव्या हाताखाली कीबोर्ड. डाव्या हातात पंखा.

पहिला तास चांगला गेला. दुसरा त्याहून चांगला. लोक जेवून परत आले ते गेलेच नाहीत. सव्वादोनला यमुनाकाकींनी गजर घेतला आणि चढवत नेला, आणि चढवत नेला, आणि कमळाताईंना आपण कुठे आहोत ते कळेनासं झालं. असं त्यांना क्वचित व्हायचं. संसारात तर नाहीच; पेटीवर कधीमधी.

पंखा कधी पडला ते त्यांना कळलं नाही. कळलं ते एवढंच, की समोर काहीतरी चमकतंय, विझतंय, चमकतंय. बघतात तर डावा हात झाकणावर. ओढतोय, ढकलतोय, गजराच्या लयीत. आणि झाकण तर त्यांच्या डोळ्यांदेखत दोनदा पार मिटलं.

हात थांबवावा तर लय मोडते. नाही थांबवावा तर...

पण सूर वाजत होता.

नम्रता कानाशी वाकली. "झाकण मिटलं तरी बंद होणार नाही असं कालच करून ठेवलंय. मारा भाता."

मग कमळाताईंनी मारला भाता. छत्तीस वर्षं मारला नव्हता असा मारला. खांबापाशी भिकाजी अण्णा डोळे बारीक करून बघत होते आणि शेजारच्याला म्हणत होते, "ह्याला पण असतो होय भाता? मला वाटलं विजेवर चालतं."

अर्धा तास तो लॅपटॉप पेटी होऊन राहिला. पण तो पेटी नव्हता, पुण्याच्या कंपनीचा लॅपटॉप होता, आणि तीनला दहा मिनिटं असताना त्याची बिजागरी 'कट्' म्हणाली. झाकण कमळाताईंच्या हातात आलं. एका वायरीवर लोंबकळत, काळं ठिक्कर.

बायकांचे डोळे मोठे झाले. यमुनाकाकी तेवढ्या डोळे मिटून गात होत्या, त्यांना जगाची खबर नव्हती. भिकाजी अण्णांनी मखमल उचललीसुद्धा. "वैनी, गेलं तुमचं! थांबा, मी धरतो सूर!"

आणि तरी सूर वाजत होता. झाकण गेलं होतं, खालचं धड चालू होतं.

पण डावा हात रिकामा पडला. हवेत एक हेलकावा मारला, दुसरा मारला, आणि उजव्या हाताची दोन बोटं एकमेकांत अडखळली. एक सूर चुकला. लाऊडस्पीकरवरून साऱ्या वाडीने ऐकला. भिकाजी अण्णांचा हात त्यांच्या भात्यावर पोचला.

तेवढ्यात डाव्या हाताला काहीतरी लागलं. मऊ, उभं, भात्याच्या जागी. कमळाताईंनी ढकललं, ते मागे गेलं आणि पुढे आलं. त्यांनी बघितलं. नम्रता कीबोर्डच्या पलीकडे मांडी घालून बसली होती, एका हाताने तुटकं झाकण मांडीत सांभाळत, आणि दुसऱ्या हाताचा तळवा सासूपुढे उभा धरून.

कमळाताईंनी तळव्यावर भाता मारला. नम्रता ढकलली की मागे जायची, सोडली की पुढे यायची. पहिल्या काही ओळी तिचा ठेका चुकत होता. डोंबिवलीची पोर, तिला गजर कुठला माहीत. मग जमला. नवरा बोटीवर गेल्यापासून दोन वर्षं या दोघी एका घरात एकमेकींच्या अंगाला न लागता वावरल्या होत्या, चहाचा कपसुद्धा टेबलावर ठेवून द्यायच्या, हातात नाही. आता साऱ्या वाडीसमोर एक दुसरीला ढकलत होती, आणि दोघींना हसू येत होतं, आणि हसता येत नव्हतं.

भिकाजी अण्णांचा हात भात्यावर होता तिथेच राहिला. त्यांनी दाबला नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं.

तीनला पुढच्या वाडीचे लोक टाळ घेऊन आले, सुरात सूर मिसळला. कमळाताईंनी त्यांचा आवाज भरेपर्यंत वाट पाहिली आणि मगच पट्टीवरचं बोट उचललं.

बाहेर पायरीवर यमुनाकाकी पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "छान झालं. काही अडचण नाही आली, नाही?"

भिकाजी अण्णा आपली पेटी काखेत मारून उतरत होते. ते थांबले. घसा साफ केला. "पुढच्या वर्षी बारा ते तीन तुमचाच. फक्त त्या मशीनचा भाता लोखंडी करून घ्या."

कमळाताईंनी नम्रताचा हात ओढून उलटा केला. तळवा लालभडक झाला होता.

"दुखतंय?"

"नाही." मग म्हणाली, "थोडं."

"ऑफिसात काय सांगशील?"

"सांगेन, सासूने मोडला."

"आणि कसा, विचारलं तर?"

नम्रताने मांडीवरच्या दोन तुकड्यांकडे पाहिलं. वरचा मेलेला, खालचा अजून जिवंत. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता. "त्यांना समजावायला तुम्हालाच व्हिडिओ कॉलवर बसवते. उजव्या हाताने बोला. डावा मी धरून ठेवीन."

कमळाताईंनी हात सोडला नव्हताच. घरापर्यंत तो तसाच धरून त्या चालत गेल्या. डाव्या हातात, चिऱ्याच्या दगडी गडग्याकडेने, आणि मधूनमधून, मालकिणीला न विचारता, तो हात पुढे मागे होत होता.