धडधाकट गटातला कारकून

मनोरुग्णांसाठी बनवलेली नवी प्रश्नावली पारखायला डॉक्टरबाईंना तुलनेसाठी धडधाकट माणसं हवी होती. त्यांनी आपल्या जुन्या कारकुनालाच धरून बसवलं.

‘डोक्यात दुसऱ्याचे विचार घुसतात?’ त्याने ‘नेहमी’वर खूण केली. ‘हात दुसऱ्याच्या मर्जीने चालतो?’ नेहमी. ‘मी कोण, असा प्रश्न पडतो?’ सुट्टीच्या दिवशी.

गुण वॉर्डातल्या सगळ्यांपेक्षा जास्त भरले! बाई कडाडल्या, “अहो, डोकं ठिकाणावर आहे ना? खरं लिहा!”

“खरंच लिहिलंय, बाई.”

“मग हा कागद बाद. तसा शेरा लिहा आणि माझी सही ठोका, नेहमीसारखी.”

त्याने शेरा लिहिला, बाईंची झोकदार सही ठोकली. खाली साक्षीदार म्हणून स्वतःची करायची होती. ती मात्र काही केल्या आठवेना.