चिकटपट्टीखालचा गिअर

दुसऱ्याचे दात घशात घालणारी माणसं गावात पुष्कळ होती. ते काढून रीतसर हातात देणाऱ्या मात्र एकट्या डॉक्टरबाई. दवाखाना बंद करून बरीच वर्षं झाली, तरी त्या समोरून आल्या की भलीभली माणसं अजून तोंड मिटून घेत.

घर टेकडीच्या माथ्यावर, गाव पायथ्याशी. मधला रस्ता असा उभा, की वर हातातून सुटलेला बटाटा थेट खाली बाजारात पोचावा आणि विकलाही जावा. या रस्त्यावर डॉक्टरबाईंनी जन्मभर हाताने गिअर टाकायची गाडी चालवली. ती गाडी थकली तेव्हा चिरंजीवांनी आईला नवी घेऊन दिली. उंच, चारही चाकांत जोर असलेली आणि गिअर आपले आपणच बदलणारी.

चिरंजीव विमा कंपनीत होते. कोण साधारण कधी मरेल याचा अंदाज बांधायचा, हे त्यांचं काम. काही लोक ऑफिसचं काम घरी आणत नाहीत. चिरंजीव आणत.

"आई, दांडी 'डी'वर टाकायची आणि विसरून जायचं. बाकीचं गाडीला कळतं."

"आणि ही शेजारची खाच?"

डीच्या बाजूला एक आडवी वाट होती. तिथे 'एम' लिहिलेलं. पुढे अधिकचं चिन्ह, मागे उण्याचं. दांडी तिकडे सरकवली की कुठला गिअर हवा ते आपण सांगायचं आणि गाडीने ऐकायचं.

"ते तुझ्यासाठी नाही," असं म्हणून चिरंजीवांनी त्या खाचेवर काळी चिकटपट्टी मारली. नखाने नीट दाबूनसुद्धा घेतली.

डॉक्टरबाईंनी आयुष्यात कुणाचं ऐकल्याची नोंद नव्हती. यावेळी ऐकलं, आणि तिथेच घात झाला. डीवर टाकलेली गाडी उतार लागला की खुशीत येऊन वरवरचे गिअर घेई आणि सुटे. मग डॉक्टरबाई ब्रेक दाबत. गाडी पुन्हा सुटे, त्या पुन्हा दाबत. खाली पोचेपर्यंत चाकांतून असा जळका वास सुटला, की बेकरीवाला पाव करपले म्हणून भट्टीकडे धावला. पाव ठीक होते. मग त्याने बाहेर येऊन गाडी हुंगली, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं: डॉक्टरबाईंना आता झेपत नाही.

चिरंजीव सूनबाईंना घेऊन त्याच संध्याकाळी हजर झाले.

"आई, किल्ली दे. आपण ड्रायव्हर ठेवू."

"का?"

"का म्हणजे? ब्रेक जाळलेस तू!"

"पाय माझा होता, कबूल. गिअर कुणाचा होता?"

"गाडीचा!"

"आणि पट्टी कुणाची?"

चिरंजीवांनी बायकोकडे पाहिलं. सूनबाई खिडकीचा पडदा न्याहाळत होत्या. पडद्यात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"हे बघ," डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुझ्या पद्धतीने उतरले, वास आला. उद्या सकाळी माझ्या पद्धतीने उतरते. तू शेजारी बस. खाली ब्रेकचा वास आला, तर किल्ली तुझी. मी मागच्या सीटवर बसून ड्रायव्हरला दात घासायला शिकवीन."

"आणि नाही आला तर?"

"तर हा विषय या घरात पुन्हा निघायचा नाही. जेवतानासुद्धा."

सकाळी गाडीत बसल्यावर डॉक्टरबाईंनी पर्समधून एक आकडी काढली. दाताची कीड टोकरायचं जुनं हत्यार. त्या आकडीने पट्टीचं टोक उचललं आणि पट्टी अलगद, अखंड काढली. तिची गोळी करून खिशात टाकली. सूनबाई मागे बसल्या. चिरंजीव पुढे डाव्या बाजूला बसले आणि त्यांची बैठक पाहून डॉक्टरबाईंना घरच्यासारखं वाटलं. पाठ ताठ, हनुवटी वर, एक हात दाराच्या मुठीवर आणि दुसरा सीटच्या कडेवर. त्यांच्या खुर्चीत माणसं अशीच बसत.

"दवाखान्यातला नियम आठवतो ना? दुखलं तर डावा हात वर करायचा. मी लगेच थांबते."

"मी काय पेशंट आहे?"

"अजून नाहीस."

उतार सुरू होण्याआधीच त्यांनी चारही चाकांची कळ फिरवली, दांडी आडवी सरकवून एमवर घेतली आणि दुसरा गिअर धरला. गाडीने रस्त्याकडे नाक केलं. इंजिन घरघरलं आणि चाकांचा मागून कुणी पदर धरल्यासारखा वेग अडला. डॉक्टरबाईंचा पाय ब्रेकवरून बाजूला, नुसता तयारीत.

"आई, इंजिन ओरडतंय!"

"ओरडू दे. ब्रेक गप्प आहेत ना?"

"आपल्याकडे असंच तर चालतं," मागून सूनबाई म्हणाल्या. "एक जण ओरडतो, म्हणून दुसरीला जळावं लागत नाही."

चिरंजीवांनी हे विम्याच्या हिशोबात धरलं नाही.

निम्म्यावर मोठं वळण होतं. सगळ्यांत उभं, आणि पाण्याचे पाइप टाकायला खणल्यामुळे नुसती खडी पसरलेलं. इथे पहिला गिअर हवा. डॉक्टरबाईंनी दांडी ठामपणे पुढे ढकलली.

चूक तिथे झाली. जुन्या गाडीत दुसऱ्यावरून पहिल्यावर यायचं तर दांडी पुढे जाई. हाताला तेच पाठ. या गाडीत पुढे म्हणजे अधिक. गाडीने आज्ञा शिरसावंद्य मानून तिसरा गिअर घेतला आणि खडीवर सुटली.

खडीवर ब्रेक दणकन दाबला तर चाकं घसरणार, हे डॉक्टरबाईंच्या पायाला ठाऊक होतं, आणि पायाला तरीही दाबायचा होता. त्यांनी त्याला नुसतं टेकू दिलं. मग दांडी मागे ओढली, पुन्हा एकदा मागे. दुसरा. पहिला. इंजिनाने मोठ्याने नापसंती दाखवली आणि गाडी खडीवरून म्हशीसारखी निवांत चालू लागली.

चिरंजीवांची दातखिळी बसली होती. डावा हात मात्र सरळ वर. छताला टेकलेला.

नियम म्हणजे नियम. डॉक्टरबाईंनी हलक्या पायाने गाडी तिथेच, उतारावर थांबवली आणि हँडब्रेक ओढला.

"बोल. कुठे दुखतंय?"

"चुकलीस तू! उलटा गिअर टाकलास!"

"टाकला. कळलं, सुधारला. पुढे?"

"पुढे काय पुढे! तुला काही झालं असतं म्हणजे?" चिरंजीवांचा आवाज फाटला. "बाबा गेल्यापासून फोन वाजला की मला वाटतं... तो बेकरीवाला फोन करून सांगतो, तुमच्या आईच्या गाडीतून धूर निघतोय. मी तिकडे ऑफिसात काय करायचं?"

डॉक्टरबाईंनी मुलाचा हात छतावरून खाली घेतला, जरा दाबला आणि त्याच्या मांडीवर ठेवला.

"कळलं. दुखणारी दाढ तुझी आहे, बाळा. आणि उपटायला निघालास माझी."

"आई, मी..."

"तुझ्या दाढेवर इलाज करू. दोघं मिळून करू. माझी धडधाकट आहे, ती तोंडातच राहील. मी रोज चुकेन हो थोडीफार, पण माझ्या हाताने. आता तोंड मीट, खडी आहे."

उरलेला रस्ता पहिल्या-दुसऱ्यात गेला. बाजारात गाडी थांबली तेव्हा बेकरीवाला पायरीवर उभाच होता. बातमी हुकू नये म्हणून. चिरंजीव उतरले, विजार वर ओढून गुडघ्यावर बसले आणि भर चौकात पुढचं चाक हुंगू लागले. मग दुसरं. मग मागची दोन्ही.

"काय येतोय वास?" बेकरीवाल्याने आशेने विचारलं.

"पावाचा," चिरंजीव म्हणाले. ते विम्यात होते, पण खोटं बोलत नसत.

उठून त्यांनी सवयीने किल्लीसाठी आईपुढे हात पसरला. डॉक्टरबाईंनी खिशात हात घातला आणि त्यांच्या तळव्यावर पट्टीची गोळी ठेवली.

"हे तुझं. बाकीचं माझं."

"आई," सूनबाई पुढच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "वर जाताना मी चालवू? एमवर?"

"आधी नुसती दांडी हलवून बघ. पुढे अधिक, मागे उणे. हाताला पटेपर्यंत हलवत राहा. माझ्या हाताला अजून पटायचंय."

चिरंजीव मागच्या सीटवर बसले. गोळी खिडकीतून टाकायचा त्यांनी बराच प्रयत्न केला. अंगठ्यावरून काढली की बोटाला चिकटे, बोटावरून काढली की अंगठ्याला. पट्टी चांगल्या कंपनीची होती. त्यांनी स्वतः निवडलेली.