लाल थराखाली

ऑपरेशनला तीन आठवडे होऊन गेले, तरी शिक्षिकेच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. तिची म्हातारी आई मात्र स्कॅन विभागातल्या बाईंचे आभार मानायला आली होती. "जीव वाचला, तेच पुष्कळ. बोलेल ना हो हळूहळू?"

बाईंनी संगणकावर शिक्षिकेची फाइल उघडली. मेंदूच्या करड्या चित्रावर त्यांनीच दोन नकाशे चढवले होते: बोलण्याची जागा हिरवी, गाठ लाल. हिरवी जागा शोधण्यासाठी ऑपरेशनआधी शिक्षिका मशीनमध्ये पडून प्राण्यांची नावं घेत होती. गाढवापाशी तिला आपला वर्ग आठवला आणि हसू आवरेना.

आता बाईंनी लाल रंग फिका केला. खालून हिरवा ठिपका वर आला. माउस जरा ओढायचा, एवढंच काम. पण सर्जनना चित्र पाठवलं त्या दिवशी लाल थर वर आणि गडदच राहिला. सर्जननी तेच चित्र समोर ठेवून लाल तेवढं सगळं काढलं होतं.

बाईंनी संगणकाचा पडदा बंद केला.

"बोलेल," त्या म्हणाल्या.

म्हातारीने त्यांचे दोन्ही हात धरले. "तुमच्या तोंडात साखर पडो, बाई."